वारा कुणाचा, चूक कुणाची

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरी परगण्यात, बिस्ली नावाचे गाव आहे. त्या गावालगतच्या झुडपांच्या माळावर १८९० पासून लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी चालत आली आहे. तिथल्या स्टिकलडाउन नावाच्या मैदानावर गेल्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा १००० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटर अंतरावर, नेम धरला. आडवे झोपून, डावा हात चामड्याच्या पट्ट्यात अडकवून, मागच्या साईटच्या, म्हणजे नेम धरायच्या साधनाच्या, बारीक छिद्रातून समोर पाहिले, तेव्हा निशाणाचा काळा गोल पुढच्या साईटच्या कड्यात तीळभर दिसत होता. त्या गोलातला पाच गुणांचा भाग, ज्याला इथे बुल म्हणतात, तो दोन फूट रुंदीचा असतो, एवढे मला पाठ होते. पण समोर दिसणारा तीळ आणि मनातले दोन फूट यांची काही केल्या सांगड बसेना. त्या दिवसापर्यंत पोहोचायला मला दोन वर्षे लागली होती, आणि त्या दोन वर्षांत मी जे शिकले ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवात अगदी साधी झाली. कामावरच्या एका सहकाऱ्याने एका रविवारी क्लबवर नेले. इथे रायफलच्या क्लबला गृहखात्याची मान्यता लागते, नव्या माणसाला किमान तीन महिने उमेदवार म्हणून काढावे लागतात, आणि त्या काळात क्लबचीच रायफल जाणत्या सभासदाच्या देखरेखीखाली हाताळायची असते. पहिले दोन रविवार मी एकही गोळी झाडली नाही. बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा, उघडा ठेवणे, नळी कायम मैदानाच्या दिशेला ठेवणे, आपली पाळी नसताना रायफलीला हात न लावणे, कुणीही ‘थांबा’ म्हटले की क्षणात थांबणे, एवढेच शिकवले गेले. मला ते कंटाळवाणे वाटले नाही. आमच्या गावी घरात कोयता कुठे ठेवायचा, धार कोणत्या बाजूला असायची, दुसऱ्याच्या हातात देताना मूठ कशी पुढे करायची, हे लहानपणी असेच शिकवले गेले होते, आणि ज्या हत्याराशी इतक्या गांभीर्याने वागायचे असते त्याच्याशी आपले नाते चांगले जुळते असा माझा अनुभव आहे.

आईला मात्र हे पटायला वेळ लागला. फोनवर ती म्हणाली, “अगं, एवढं शिकून-सवरून बंदूक कशाला हातात घेतेस?” मी तिला कागदाचे निशाण, लाल झेंडे, वाऱ्याची गणिते असे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिक झाल्यावर एकदा स्वतःहून विचारले, “आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नीलला पदक मिळालं तोच हा खेळ का गं?” स्वप्नील कुसाळेने तिथे ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले होते. मी सांगितले, की घराणे एकच, पण तो गायकीचा वेगळा बाज आहे. तिकडे लहान काडतूस, ५० मीटर आणि तीन वेगवेगळ्या पवित्र्यांतली अचूकता, तर इकडे मोठे काडतूस, ३०० ते १००० यार्ड आणि सगळा खेळ वाऱ्याशी. तिला पहिल्या भागापेक्षा शेवटचा शब्द जास्त कळला असावा, कारण ती म्हणाली, “म्हणजे उफणणीसारखं.” मी कितीतरी वेळ त्यावर काही बोललेच नाही.

त्या उफणणीकडे मी पुढे येईनच, कारण वाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी मला माझ्या स्वतःच्या शरीरापाशी अडकून पडावे लागले.

पहिला धडा असा, की रायफल स्नायूंनी धरायची नसते. डाव्या कोपराचे हाड जमिनीवर, त्यावर उभा हात, हाताभोवती ताणलेला पट्टा, आणि त्या हाडांच्या टेकूवर रायफल नुसती विसावलेली, अशी ती मांडणी असते. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून पाहायचे, की साईट कुठे गेली आहे. ती निशाणाच्या डावीकडे सरकलेली असेल तर हाताने ओढून उजवीकडे आणायची नाही; कंबर किंचित हलवून सबंध शरीरच फिरवायचे. हाताने ओढून आणलेला नेम चाप दाबला जाण्याच्या नेमक्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जातो. मला हे समजायला दहा मिनिटे लागली आणि अंगात मुरायला आठ महिने. श्वासाचेही तसेच आहे. छाती भरते तेव्हा साईट खाली जाते, रिकामी होते तेव्हा वर येते, आणि श्वास सोडल्यानंतर पुढचा घेण्याआधी जी नैसर्गिक विश्रांती असते, त्या चार-पाच सेकंदांत चाप दाबायचा असतो. ती वेळ टळली तर शॉट सोडून द्यायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. हे ‘सोडून देणे’ मला सर्वांत कठीण गेले. एवढी मांडामांड केली आहे, तर आता मारूनच टाकू, असे मन म्हणते, आणि डोळ्यांसमोरचा काळा गोल धूसर होऊ लागला तरी बोट चापावरून उठत नाही.

पण या सगळ्याहून खोल गेलेला धडा वेगळाच आहे, आणि खरे सांगायचे तर हा लेख मी त्याच्यासाठीच लिहिते आहे.

पहिल्या उन्हाळ्यात ५०० आणि ६०० यार्डांवर माझे गुण कधी चांगले यायचे, कधी अगदी वाईट, आणि त्यामागचे कारण मला सांगता यायचे नाही. गोळी उजवीकडे लागली की मी वारा वाढला असे समजून नेम बाजूला सरकवणारी साईटची चक्री फिरवायची. पुढची गोळी डावीकडे लागली की ती परत फिरवायची. माझे प्रशिक्षक पंचाहत्तरीचे गृहस्थ आहेत, आणि त्यांनी आयुष्यातली निम्म्याहून अधिक वर्षे या माळावर काढली आहेत. ते तीन रविवार मागे बसून फक्त पाहत राहिले. चौथ्या रविवारी त्यांनी मला विचारले, “आत्ताची गोळी कुठे लागली?” मी म्हणाले, “अजून निशाण वर आले नाही.” ते म्हणाले, “म्हणूनच विचारतो आहे.”

हे नीट समजण्यासाठी निशाणांची व्यवस्था सांगायला हवी. मैदानाच्या टोकाला मातीच्या बांधामागे एक खंदक असतो, त्याला बट्स म्हणतात, आणि तिथे माणसे बसलेली असतात. गोळी निशाणातून गेली की मार्कर ती चौकट खाली ओढतो, जुन्या भोकावर कागदाची टिकली चिकटवतो, नव्या भोकात एक ठळक चकती खोचतो आणि चौकट पुन्हा वर ढकलतो. गोळी सुटल्यापासून चकती दिसेपर्यंत सात-आठ सेकंद तरी जातात. त्या सात-आठ सेकंदांत, निशाण खाली असताना, नेमबाजाने सांगायचे असते, की चाप सुटला त्या क्षणी साईट कुठे होती. घड्याळाच्या काट्याप्रमाणे बोलायचे: “मध्यावर”, “तीनवर, जरा बाहेर”, “सहावर, खाली”. याला शॉट कॉल करणे म्हणतात.

त्या दिवशी मला सांगताच आले नाही. चाप सुटताना मी काय पाहिले होते, हे मला ठाऊकच नव्हते. माझे डोळे उघडे होते, नजर नव्हती. कदाचित शेवटच्या क्षणी पापण्याही लवल्या असतील. प्रशिक्षकांनी माझ्या नोंदवहीत एक उभी रेघ ओढली आणि दोन रकाने केले. एकात मी म्हटलेली जागा, दुसऱ्यात चकतीने दाखवलेली जागा. “पहिला रकाना तुमचा,” ते म्हणाले, “दोन्हींमध्ये जो फरक पडेल तो वाऱ्याचा. तुमचा रकाना रिकामा असेल तर वाऱ्याकडून तुम्ही काहीच शिकू शकणार नाही, कारण कोणती चूक कुणाची हे तुम्हाला कधीच कळणार नाही.”

तेव्हापासून दीड वर्ष मी ते दोन रकाने भरते आहे. सुरुवातीला मला माझ्याच मनाची एक लबाडी दिसून आली, आणि ती पाहून मी खरोखर अस्वस्थ झाले. निशाण वर येऊन चकती उजवीकडे दिसली की लगेच मला ‘आठवायचे’, की हो, साईट थोडी उजवीकडेच होती. चकती मधोमध दिसली की आठवायचे, की शॉट अगदी स्वच्छ सुटला होता. आठवण निकालाच्या मागून येत होती आणि निकालाचे रूप घेत होती. म्हणून प्रशिक्षकांनी नियम घातला, की निशाण खाली असतानाच मोठ्याने बोलायचे, आणि एकदा बोललेले बदलायचे नाही. शेजारी ऐकत असताना “मध्यावर” म्हणायचे आणि मग चकती चार गुणांच्या वर्तुळात, घड्याळाच्या आठवर पाहायची, यात लाज होती. पण “आठवर, खाली” असे म्हणून चकती तिथेच पाहणे यात, गुण गेला असला तरी, एक स्वच्छपणा होता. या स्वच्छपणाची चटक लागते. हळूहळू माझ्या पहिल्या रकान्यातले शब्द खरे ठरू लागले, आणि मग एके दिवशी दोन रकान्यांमधल्या अंतरात मला पहिल्यांदा वारा दिसला.

तो दिसतो तो आधी झेंड्यांवर. मैदानाच्या लांबीत जागोजागी उंच खांबांवर झेंडे लावलेले असतात, आणि कापडाचा कोन पाहून वाऱ्याचा वेग ताडायचा असतो. पाऊस पडून कापड जड झाले की तोच वारा कमी दिसतो. दिशाही तितकीच महत्त्वाची. अगदी समोरून किंवा पाठीमागून येणारा वारा गोळीला बाजूला नेत नाही, आडवा वारा पूर्ण जोर लावतो, आणि रेषेशी तीस अंशांनी तिरका येणारा वारा बरोबर निम्मा. म्हणून सर्वांत फसवा वारा जोराचा नसतो, तर समोरून येऊन कधी एकवर, कधी अकरावर डोलणारा असतो. झेंडा जेमतेम हललेला दिसतो आणि साईटवर मात्र डावीकडची दुरुस्ती उजवीकडे करावी लागते. हिशेब कोनाच्या मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात, चालतो. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच आणि १००० यार्डांवर साडेदहा इंच. गोळीला १००० यार्ड पार करायला सुमारे दीड सेकंद लागतो, वाटेत ती नेमाच्या रेषेपासून तीन मीटरांहून उंच चढून मग खाली येते, आणि ताशी १० मैलांचा आडवा वारा तेवढ्या वेळात तिला दोन मीटरांहून अधिक बाजूला नेतो. ज्या झुळुकीने अंगणातली वाळत घातलेली साडी नुसती फुगते, तिच्यात गोळी माणसाच्या उंचीहून जास्त सरकते, हे आकडे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला खरे वाटले नव्हते.

झेंड्यांपेक्षा बारीक सांगते ते मृगजळ. दुर्बिणीचा फोकस निशाणाच्या थोडा अलीकडे आणला की तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा लहरींसारखी वाहताना दिसते. हलक्या वाऱ्यात लहरी तिरप्या चढतात, वारा वाढला की आडव्या पडून ओढ्याच्या पाण्यासारख्या धावतात. आणि कधी कधी त्या सरळ वर उकळू लागतात. नवख्याला वाटते, वारा पडला, मारण्याची हीच वेळ. प्रशिक्षकांनी मला नेमके याच क्षणी थांबायला शिकवले, कारण लहरी उकळताना दिसतात तेव्हा वारा बहुधा दिशा बदलण्याच्या उंबरठ्यावर असतो, आणि गोळी सुटेपर्यंत तो कोणत्या बाजूने येईल याचा भरवसा नसतो.

आईने उफणणीचे नाव काढले होते ते उगीच नव्हे. माण तालुक्यातल्या आमच्या गावी शाळूची मळणी झाली की आबा खळ्यावर तिपाईवर उभे राहायचे. खालून कुणीतरी भरलेली पाटी वर द्यायचे, आणि आबा ती डोक्याच्या उंचीवर धरून नुसते उभे राहायचे. आम्ही पोरे कंटाळून जायचो. वारा तर वाहतो आहे, मग ओतत का नाहीत? आबा दूरच्या बाभळीकडे, त्यापलीकडच्या वाळक्या गवताकडे पाहत असायचे. मग अचानक पाटी हलायची, दाणे जवळ सरळ रेषेत पडायचे, भुसकट लांब उडायचे. वारा फिरला तर भुसकट पुन्हा राशीवर येते आणि दुपारची मेहनत वाया जाते. आबा त्यांच्या अंगाला लागणारा वारा पाहत नव्हते, ते पुढच्या घटकेला येणारा वारा पाहत होते. मी स्टिकलडाउनवर झोपून माळाच्या कडेच्या पाइन झाडांकडे पाहते तेव्हा माझी मान त्यांच्यासारखीच किंचित कलते, असे मला एकदा जाणवले, आणि ते जाणवल्यानंतर मला त्या मैदानावर परके वाटले नाही.

तसे या माळाशी आपले एक नाते आहेच. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धांमधली नेमबाजी इथे बिस्लीला झाली होती, आणि त्या स्पर्धांत अंजली भागवत यांनी चार सुवर्णपदके मिळवली होती. त्यांच्या स्पर्धा १० आणि ५० मीटरच्या, माझा पल्ला निराळा. तरीही क्लबच्या रस्त्यावरून रायफलीची पेटी खांद्याला लावून चालताना, याच माळावर एका मराठी बाईच्या नावाचा पुकारा झाला होता, हा विचार मला दर वेळी बळ देतो.

या जागेचा इतिहासही बायकांच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ज्या संस्थेने हे मैदान वसवले ती नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ साली स्थापन झाली, आणि १८६० मध्ये विम्बल्डनला तिची पहिली स्पर्धा भरली तेव्हा पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. रायफल आधीच यंत्रावर बसवून नेम साधून ठेवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढायची होती. त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९३० साली, मार्जरी फॉस्टर यांनी राजाच्या नावाचे मुख्य पारितोषिक एका गुणाने जिंकले. ते जिंकणारी ती पहिली बाई. विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवतात, ती प्रथा अजूनही चालते. मला त्या दोघींमधले अंतर फार अर्थपूर्ण वाटते. एकीच्या हातात दोरी होती. दुसरीने पोटावर झोपून वारा स्वतः वाचला.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. शॉट उत्तम सुटला, मी “मध्यावर” म्हणाले, आणि माझे निशाण खाली गेलेच नाही. शेजारचे निशाण खाली गेले आणि मधोमध चकती घेऊन वर आले. वाऱ्याचा अंदाज घ्यायला मी डोळा साईटवरून काढून दुर्बिणीला लावला होता, आणि परत येताना शेजारच्या क्रमांकावर स्थिरावले होते. दुसऱ्याच्या निशाणावरची गोळी आपल्या नावावर शून्य म्हणून लिहिली जाते. इथे दोघे-तिघे एकाच निशाणावर आळीपाळीने मारतात आणि एकमेकांचे गुण लिहितात; माझा कार्ड लिहिणाऱ्या तरुणाने काही न बोलता शून्य लिहिले, आणि शेजारच्या नेमबाजाला एका अनाहूत गोळीमुळे आपली स्वतःची लय सांभाळत थांबावे लागले. मी पाळी संपल्यावर त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. तेव्हापासून गाल दस्त्याला टेकवल्यावर मी दर शॉटला निशाणाचा क्रमांक ओठातल्या ओठात म्हणते.

बट्समध्ये बसण्याची पाळीही प्रत्येकाला येते, आणि नवख्याने ती टाळू नये असे मला मनापासून वाटते. खंदकात बसले की नेमबाज दिसत नाहीत. गोळी आवाजाहून वेगाने येत असल्याने डोक्यावरून आधी चाबकासारखा कडाका येतो, आणि मागून लांबवरून रायफलीचा बोजड आवाज. कागदावर एक भोक उमटते. ते कुणाचे, तो माणूस तिकडे श्वास रोखून काय पुटपुटतो आहे, हे मार्करला माहीत नसते. त्याने फक्त चकती नेमकी भोकात खोचायची, टिकली नीट चिकटवायची आणि चौकट लवकर वर द्यायची, कारण तिकडे वारा थांबत नसतो. दुपारभर ते काम केल्यावर हात भरून येतात. पण दुसऱ्याच्या शॉटचे खरे रूप जसेच्या तसे त्याला दाखवणे हे काम किती जबाबदारीचे आहे, ते तिथेच कळते.

आता पुन्हा त्या पहिल्या १००० यार्डांकडे येते. दोन चाचणीच्या गोळ्या आणि मोजणीच्या दहा, असा तो डाव होता, आणि प्रत्येक शॉटला ४५ सेकंद. वारा उजवीकडून होता, दुपारभर वाढत-उतरत होता. पहिल्या आठ गोळ्यांमध्ये चार बुल, तीन चार गुणांचे आणि एक तीनचा. तो तीनचा वाऱ्याचा होता, मी मध्यावर कॉल केला होता आणि झुळूक मला दिसलीच नव्हती. नवव्या गोळीला मी जवळजवळ चाळीस सेकंद थांबले, कारण लहरी उकळत होत्या, आणि त्या पुन्हा डावीकडे वाहू लागल्यावर मारलेली गोळी बुलमध्ये गेली.

दहाव्या वेळी झेंडे उतरताना दिसले. मी साईटची चक्री दीड मिनिटाने कमी केली आणि मुद्रा बांधली. श्वास सुटला, काळा तीळ कड्यात स्थिर झाला, आणि मग मी अंमळ जास्त वेळ घेतला. छाती श्वास मागू लागली होती. सोडून द्यायला हवे होते. शेवटची गोळी आहे, हा विचार मनात आला, आणि बोट पुढे गेले. साईट कुठे होती ते मात्र मी लख्ख पाहिले.

“दोनवर, बाहेर. चार,” मी म्हणाले.

निशाण खाली गेले. शेजारच्या तरुणाने पेन्सिल धरून ठेवली होती. मागे प्रशिक्षक दुर्बिणीला डोळा लावून बसले होते, त्यांनी काही म्हटले नाही. चौकट वर आली तेव्हा चकती घड्याळाच्या दोनवर होती, बुलच्या रेषेबाहेर वीतभर. तरुणाने चार लिहिले. मी नोंदवही उघडली आणि दोन्ही रकान्यांत तोच ठिपका, एकाच जागी काढला.